हेलिकॉप्टर ऑपरेटर

पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो.

"काका, मी जत तालुक्यातला, वय 27, दहावी पास. सहा वर्षं झाली, गोदामांचे ट्रायमिक्सचे, म्हणजे ओल्या काँक्रीटमधलं जास्तीचं पाणी पंपानं खेचून केलेले, फ्लोअर करतो. दोन वर्षं हेल्पर होतो, मग घोटायचा गुरमाळा हातात आला, आता हेलिकॉप्टर मशीन चालवतो, म्हणजे पंख्यासारखी पाती फिरवून फ्लोअर घोटणारं यंत्र. भिवंडी, चाकण, मध्ये आठ महिने बुटीबोरीला होतो. हजेरी 1,000 रुपये, महिन्याला 20-22 हजेऱ्या भरतात, राहणं साइटवरच. घरी लग्नाचं बघतायत. चुलत भावानं बायोडेटात 'हेलिकॉप्टर ऑपरेटर' असं लिहून टाकलं. मुलीचे वडील घरी आले तेव्हा मी खरं सांगितलं, की हे हेलिकॉप्टर जमिनीवरच फिरतं. ते हसले आणि उठताना म्हणाले, 'पोरगं चांगलं आहे, कंपनीत लागलं तर कळवा.' मेहुणा चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी आहे. तो लावून देतो म्हणतो, 17,500 पगार. आमचा ठेकेदार धंदा आवरतोय. तो म्हणतो, माझा सगळा सेट घे, दोन हेलिकॉप्टर, फ्लोटर, व्हॅक्यूम पंप, मॅट, मिळून 2 लाख 80 हजार, हप्त्यानं दे. त्याच्याकडं माझी 14,000 बाकी आहे, ती त्यात वळती करतो म्हणतो. गावातला एक जण 1 लाख 20 हजारांत कतारला पाठवतो म्हणतो. आणि हातांना भेगा पडल्यात, बोटांच्या बेचक्यात एवढी खाज सुटते की रात्री झोप नाही. आई म्हणते, सोड हे काम. मला काम आवडतं, पण हे काम म्हणजे नक्की काय, हेच कुणाला सांगता येत नाही. काय करू?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो.

लग्न, कंपनी, मशीन, कतार, हे सगळं बाजूला ठेव. तू सगळ्यात शेवटी जे लिहिलंस, त्यानं सुरुवात करायला हवी होतीस. हात.

ओल्या सिमेंटचं पाणी हे चुन्याच्या निवळीसारखंच जहाल असतं. कातडी स्वभावानं किंचित आंबट, आणि हे पाणी पीएच 12 च्या वर. आम्ल सांडलं तर माणूस ओरडतो, लगेच हात झटकतो. सिमेंट तसं करत नाही. ते गुपचूप बसतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. 2003 सालची गोष्ट, मी कॉलमच्या कडेला गुडघे टेकून गुरमाळा मारत होतो. कॉलमभोवतीचा हातभर पट्टा मशीनला लागत नाही, तो हातानंच करावा लागतो, हे तुला माहीत आहे. पँट गुडघ्यापाशी भिजली. थंडगार, बरं वाटत होतं. चारेक तास तसाच होतो. संध्याकाळी पँट काढली तर दोन्ही गुडघ्यांवर कातडी काळपट, आणि दोन दिवसांत उजव्या गुडघ्यावर रुपयाएवढा खड्डा. पाच आठवडे घरी बसलो. ते व्रण आजही आहेत. बायको म्हणते, देवापुढं बसून पडले असते तर पुण्य तरी लागलं असतं.

तुझ्या खाजेमागं दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. एक म्हणजे नुसती जळजळ: क्षारानं कातडी कोरडी पडते, फाटते. काळजी घेतली तर ती भरून येते. दुसरी अ‍ॅलर्जी. सिमेंटमध्ये क्रोमियमचा अंश असतो, त्याची काहींना अ‍ॅलर्जी बसते, आणि एकदा बसली की सहसा जन्मभर सोडत नाही. मग थोडं सिमेंट लागलं तरी हात उठतात. युरोपात 2005 पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर कायद्यानं मर्यादा घातली, ती याच कारणानं. तुझं यातलं कुठलं आहे, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, मेडिकलवालाही सांगू शकत नाही. तो खाजेची ट्यूब देईल, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि कातडी आणखी पातळ होते. सरकारी मोठ्या दवाखान्यात त्वचारोगाच्या ओपीडीला जा आणि पहिलं वाक्य हे बोल : "मी ओल्या सिमेंटमध्ये काम करतो." पॅच टेस्ट करता का, असं स्वतःहून विचार. पाठीवर पट्ट्या लावतात, दोन-तीन दिवसांनी बघतात. त्यासाठी हजेऱ्या बुडतील, बुडू दे. पुढचं मी जे लिहितोय ते सगळं या टेस्टवर टांगलेलं आहे. अ‍ॅलर्जी निघाली, तर ओल्या मालात, म्हणजे कालवलेल्या काँक्रीटमध्ये, हात घालायचं काम तुला सोडावंच लागेल, मग ग्रूव्ह कटिंग (फ्लोअरला खाचा पाडणं), ग्राइंडिंग, सुपरव्हिजन अशा वाटा बघायच्या. नाही निघाली तर पुढं वाच.

तोवर एवढं कर. सुती हातमोजे फेकून दे. ते सिमेंटचं पाणी पितात आणि दिवसभर हाताला धरून ठेवतात, उघडा हात परवडला. लांब मनगटाचे नायट्राइलचे किंवा रबराचे मोजे, आत घामासाठी पातळ सुती अस्तर, ते रोज धुतलेलं. पँट गमबुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचली की माल थेट पायात उतरतो. आणि प्रत्येक साइटवर ते एक निळं ड्रम असतं ना, ज्यात गुरमाळे, फळ्या, पाटे सगळं बुचकळतात आणि सुट्टी झाली की सगळे त्यातच हात धुतात? ते पाणी नाही, ते पातळ सिमेंट आहे. पिण्याच्या कॅनमधलं दोन तांबे पाणी हातासाठी वेगळं ठेव. रॉकेल-डिझेलनं हात चोळणारे उस्ताद असतात, त्यांचे हात एकदा नीट बघून घे.

एक तू लिहिलं नाहीस, पण मी विचारतो. पहाटे मशीन बंद केल्यावर डोकं ठणकतं का? मळमळतं? सगळे म्हणतात जागरणाचं आहे. गोदामाचे पत्रे लागलेले, शटर खाली ओढलेलं, का तर वारा लागून फ्लोअरला चिरा पडू नयेत, आणि आत तीन-तीन पेट्रोलची हेलिकॉप्टर रात्रभर चालू. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस बसल्या जागी लवंडतो आणि बाजूचा म्हणतो, झोप लागली वाटतं. वाऱ्याच्या बाजूचं शटर खाली राहू दे, समोरचं उघडं पाहिजे, आणि डोकं दुखायला लागलं की बाहेर यायचं. यात मर्दानगी नाही.

आता काम.

तू म्हणतोस, हे काम म्हणजे काय ते सांगता येत नाही. मी तुला विचारतो. ट्रकमधून माल पडला, व्हायब्रेटरची निडल मारून बसवला, सपाट करायची स्क्रीड ओढली, मॅट टाकून वीस-पंचवीस मिनिटं पंपानं पाणी खेचलं. त्यानंतर तू काय करतोस? तू बसतोस. रात्रीचे दीड वाजलेत, थर्मासमधला चहा कोमट झालाय, आणि तू स्लॅबच्या कडेला उकिडवा बसून बघतोयस. मध्येच उठून एक पाऊल टाकतोस. बूट बोटाच्या पेराएवढा रुतला, परत बसलास. अर्ध्या तासानं पुन्हा. आता पाव इंच रुतला, वर पाण्याची चकाकी गेली, रंग मंद झाला. आता फ्लोटरची सपाट फिरती डिस्क. मग परत थांबायचं. पुढच्या वेळी नुसता ठसा उमटला पाहिजे, तेव्हा पाती, आधी सपाट, मग माल जसा धरेल तशी उचलत न्यायची. आणि शेवटच्या हाताला पात्याचा आवाज बदलतो, खरखर जाऊन ताटावर चमचा ओढल्यासारखा येतो. तो आवाज आला की तुला कळतं, झालं.

हे कुणी शिकवलं तुला? कुणीच नाही. ज्या दिवशी ऊन जास्त तेव्हा दीड तासात, डिसेंबरच्या रात्री पाच-सहा तासांनी, ट्रक उशिरा आला तर एकाच स्लॅबची एक बाजू कडक आणि दुसरी कच्ची. घड्याळ लावून हे होत नाही. तुझी आई अंगण सारवत असेल, तर तिला विचार, दुसरा हात कधी फिरवायचा हे कसं कळतं. ती म्हणेल, कळतं की. आपल्याकडचा जुना कोबा घोटणारे गवंडी हेच करायचे, गुडघ्यावर बसून. तुझ्या हातात मशीन आलं, पण कधी फिरवायचं हे मशीनला अजून कळत नाही.

आणि हे न कळणाऱ्यानं काय होतं तेही सांगतो, कारण त्यात माझं नाक कापलं गेलंय. रांजणगावला एक गोदाम होतं, बारा हजार चौरस फूट. सुपरवायझर नवा, त्याला सकाळी साहेबांना फ्लोअर चमकताना दाखवायचा होता. पाणी अजून वर येत होतं. तो म्हणाला, वरून कोरडं सिमेंट भुरभुरा, पाणी शोषून घेईल, आणि मारा मशीन. मला माहीत होतं हे चूक आहे. मी तीस वर्षांचा होतो, हजेरीचं टेन्शन होतं, मारलं. सकाळी फ्लोअर आरशासारखा. साहेबांनी माझी पाठ थोपटली. तीन महिन्यांनी फोर्कलिफ्ट फिरायला लागल्या आणि त्यांच्या चाकांच्या वाटेनं पीठ उडायला लागलं. झाडू मारला की पुन्हा पीठ. वरचा पापुद्रा खालच्या मालाशी कधी जुळलाच नव्हता. पाणी खाली कोंडलेलं, वर नुसता सिमेंटचा मुलामा. बिल अडकलं ते अडकलंच. आणि सुपरवायझर? त्याची तोवर बदली झाली होती. बोल माझ्यावर आला, कारण मशीन माझ्या हातात होतं.

तुझ्यावरही हा बोल येणार आहे, आला नसेल तर येईल. चिरा पडल्या की फिनिशरला पकडतात. आता चिर कशानं पडते? एप्रिलच्या दुपारी वारं सुटलं आणि ओल्या स्लॅबवर प्लास्टिक टाकलं नाही, म्हणून. ट्रकमध्ये ड्रायव्हरनं पाणी घातलं, म्हणून. ग्रूव्ह कटिंगवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आलाच नाही, म्हणून. सहा इंची स्लॅबला साडेचार मीटरच्या आत चौकोन पाडून दीड-दोन इंच खोल खाच वेळेवर दिली नाही, तर काँक्रीट आकसताना स्वतःची रेघ स्वतः मारून घेतं, आणि ती काही सरळ नसते. किंवा पाणी सातऐवजी तीनच दिवस मारलं, म्हणून. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखेच्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस पाणी, हे आपल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्येच लिहिलेलं आहे, माझ्या मनचं नाही. यातलं एकही तुझ्या हातात नाही. पण तुझ्याकडं लिहिलेलं काही नाही, म्हणून तू गप्प बसतोस.

म्हणून शंभर पानी डायरी घे. तारीख, जागा, किती चौरस फूट, किती जाड. ट्रक किती वाजता आला, माल पातळ होता का घट्ट. बूट पाव इंच रुतायला किती वाजले, शेवटचा हात किती वाजता. ऊन, वारा, पाऊस. खाचा कधी पाडल्या. आणि कुणी "सिमेंट भुरभुरव" म्हटलं, तर ते कोण आणि किती वाजता, हेही. रोज पाच ओळी. मोबाइलमध्ये स्लॅबचा एक फोटो रात्री, एक सकाळी, आणि जमलं तर तीन महिन्यांनी त्यावर फोर्कलिफ्ट फिरताना एक. मी हे वयाच्या चाळिशीत सुरू केलं. त्यानंतर माझं बिल अडकलं नाही असं नाही, पण "चूक तुझी" असं तोंडावर म्हणायची हिंमत कुणी केली नाही.

कंपनीचं बघू. तुझं म्हणणं 17,500. त्यातून पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापून हातात साधारण पंधरा-साडेपंधरा येतील. चाकणला खोली, डबा, गाडीचं पेट्रोल. आज तू साइटवर राहून 21 हजेऱ्यांचे 21,000 घेतोस. तरीही आकड्यांवर जाऊन कंपनीला नाक मुरडणार नाही. ईएसआयचं कार्ड ही छोटी गोष्ट नाही, ज्या दिवशी आईला ॲडमिट करावं लागतं त्या दिवशी तिची किंमत कळते. पण मेहुण्याला दोन प्रश्न विचार. पहिला, कंत्राट किती महिन्यांचं, सात-आठ महिन्यांनी ब्रेक देतात का? दुसरा, त्याच्या लाइनवर कंत्राटी लागून पाच वर्षांत कायम झालेला एक माणूस नावानिशी दाखव. दाखवला तर खुशाल जा, मी अडवणार नाही. नाही दाखवला, तर बत्तीसाव्या वर्षी तू पुन्हा गेटवर उभा असशील आणि पात्याचा आवाज विसरलेला असशील.

मुलीच्या वडिलांना कंपनी हवी आहे, असं मला वाटत नाही. त्यांना महिन्याच्या सात तारखेला येणारं काहीतरी हवं आहे, आणि कागद. आपल्या धंद्याचं खरं दुखणं तेच आहे. सहा वर्षं काम केलंस आणि ते केल्याचा एक चिटोरा तुझ्याकडं नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदव. वय 18 ते 60 आणि गेल्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम, एवढी अट. 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून, नाहीतर ग्रामसेवकाकडून. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, तिथंच निम्मे लोक गळतात. पुढं मुलांच्या शाळेची मदत आहे, आजारपणाची आहे, अपघाताची आहे, आणि तुझ्या कामाचं म्हणजे नोंदीत कामगाराच्या स्वतःच्या पहिल्या लग्नाच्या खर्चासाठी 30,000 रुपयांची योजना आहे. अर्ज करताना नियम ताजे विचारून घे. फॉर्म भरून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे प्रत्येक तालुक्यात बसलेत, त्यांच्याकडं जाऊ नको. आणि तुझा ठेकेदार धंदा आवरतोय म्हणतोस, तर त्याच्याकडून 90 दिवसांचा दाखला या आठवड्यात घे. नंतर तो फोन उचलणार नाही.

शिकलेलं काम तपासून सरकारमान्य प्रमाणपत्र मिळतं, त्याला आरपीएल म्हणतात. तेही करून टाक. भिंतीवर लावायला नाही, मोठ्या साइटच्या गेटवर दाखवायला.

कतारचं दोन वाक्यांत. नोंदणीकृत एजंटला कायद्यानं जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. 1 लाख 20 हजार मागणारा माणूस एक तर नोंदणीकृत नाही किंवा असून लुटतोय. त्याचा नोंदणी क्रमांक माग आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाकून बघ, बहुतेक प्रश्न तिथंच संपेल. आखाती देशात फिनिशरला काम आहे, हे खरं, पण ते आणखी दोन वर्षांनी, कागद हातात असताना, सरळ वाटेनं.

मशीनवर जरा थांबतो, कारण तिथं तू घसरशील असं वाटतंय.

ठेकेदार धंदा का आवरतोय, हे विचारलंस का? वय झालं म्हणेल. मी सांगतो काय झालंय. मोठ्या गोदामांचा माल आता बदलला. पूर्वी माल पातळ घ्यायचा, म्हणजे पसरायला सोपा, आणि मग पंपानं जास्तीचं पाणी खेचायचं, हा ट्रायमिक्सचा सगळा खेळ. आता केमिकल घालून माल कमी पाण्यातच लोण्यासारखा पसरतो. पाणी खेचायची गरज कमी झाली. वर लेझर स्क्रीड आलं, लेझरनं पातळी धरून माल सपाट करणारं. अमेरिकेत 1986 मध्ये निघालेलं हे यंत्र आता आपल्याकडच्या मोठ्या गोदामांत फिरतंय. रॅक उंच झाले, फोर्कलिफ्टचा मास्ट, म्हणजे उभा खांब, वर गेला की खाली चाकाशी दोन-तीन मिलिमीटरचा फरकही वर त्याच्या कितीतरी पट झोका देतो, त्यामुळं साहेब लोक आता फ्लोअर किती सपाट आहे याचे आकडे मागतात. ते आकडे स्क्रीडच्या पाट्यांवर येत नाहीत.

म्हणजे त्या 2 लाख 80 हजारांत पंप आणि मॅट हा जो भाग आहे, तो उद्या भंगारात जाणारा आहे. हेलिकॉप्टर मात्र जाणार नाही. लेझर स्क्रीडनं माल सपाट केला तरी पुढं कधी फिरवायचं हा प्रश्न उरतोच, आणि तिथं तू लागतोस. मोठ्या साइटवर बसून चालवायची दोन पंख्यांची हेलिकॉप्टर आहेत. कुठल्या ठेकेदाराकडं ती आहे ते शोध आणि 100 रुपये हजेरी कमी मिळाली तरी सहा महिने त्याच्याकडं जा. ते चालवायला शिकलेला माणूस वर्षभरात हजेरी स्वतः सांगतो.

स्वतःचा धंदा करायचाच असेल, तर आधी एक छोटं काम अंगावर घेऊन बघ. भिवंडीत नको. तिथं बिल तीन महिन्यांनी येतं, त्यातही पाच-दहा टक्के कापून ठेवतात, आणि तुझी चार पोरं शनिवारी उचल मागायला उभी राहतात. तुझ्याच भागात बघ. जत, सांगोला, आटपाडीला डाळिंबाची पॅकहाउस, तासगाव-सांगलीकडं बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, दुधाची संकलन केंद्रं, गावोगावचे मंगल कार्यालयांचे पार्किंग. दोन-तीन हजार फुटांची कामं, मालक समोर उभा, पैसे हातात. तिथं अजून चांगला फ्लोअर कुणी करत नाही, गवंडी गुरमाळा मारून मोकळा होतो. अशा कामाला एक हेलिकॉप्टर पुरतं, आणि तेही आधी भाड्यानं आण. तीन कामं भाड्याच्या मशीनवर करून खिशात काही उरलं, तर त्या ठेकेदाराकडून सेट नाही, एकच हेलिकॉप्टर घे, इंजिन उघडून मेस्त्रीला दाखवून.

बायोडेटा. 'हेलिकॉप्टर ऑपरेटर' खोडून 'काँक्रीट फ्लोअर फिनिशर, 6 वर्षं अनुभव, कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत' असं लिही, अर्थात नोंदणी झाल्यावर. आणि पुढच्या पाहुण्यांना फोटो दाखव. रात्रीचा नको, सकाळचा दाखव. कुठल्या गोदामातून त्यांच्या घरी पार्सल येत असेल, त्याच्या खालची जमीन तू केलीस, असं सांगता आलं तर सांग. मला वाटतं पोरीलाही एकदा थेट विचारायला हवं, की नवरा महिन्यातून आठ-दहा रात्री घरी नसणार, हे चालेल का. वडील कंपनी मागतात, तिच्या मनात काय आहे ते अजून कुणी विचारलेलं दिसत नाही, तुझ्या पत्रात तरी नाही.

आणि ती 14,000 ची बाकी मशीनमध्ये वळती करायची नाही. केलेल्या कामाचे पैसे वेगळे, मशीनचा व्यवहार वेगळा. बाकी रोख मागायची, टप्प्यानं देतो म्हणाला तर चालेल, पण देणार कधी ते त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं. डायरी आणलीस की पहिल्या पानावर तेच येऊ दे : कुठल्या साइटच्या किती हजेऱ्या, कुठल्या तारखेपासूनच्या, आणि खाली त्याची सही.